मी पत्ता कुठेच लिहिला नाही, तरी त्याला माझी धावण्याची वेळ ठाऊक आहे

पहाटपावलं

नमस्कार. बरीच वर्षं इथे मी फक्त वाचत आले. लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे थोडं विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

फोटो टाकण्याच्या एका ॲपवर माझं नऊ वर्षांपासून खातं आहे. सार्वजनिक आहे, फॉलोअर चारशेच्या आसपास. दोनच गोष्टी टाकते, बाल्कनीतून दिसणारे पक्षी आणि पहाटेचं धावणं. कोणता पक्षी कधी दिसला, कोणत्या महिन्यात गायब झाला, घरटं कुठे बांधलं, सगळं तारखेसकट. ही माझी नऊ वर्षांची वहीच आहे म्हणा. मी स्वतःला सावध समजत होते. पत्ता नाही, फोन नंबर नाही, कामाच्या जागेचं नाव नाही. आई माझ्याबरोबर राहते, तिचा चेहरा एकदाही टाकलेला नाही.

गेल्या मंगळवारी मेसेजच्या विनंत्यांमध्ये एका अनोळखी खात्यावरून हे आलं: "आज धावायला गेला नाहीत? निळं जॅकेट दिसलं नाही. एरवी पावणेसहाला निघता. आई बऱ्या आहेत ना?"

त्या दिवशी मी खरंच गेले नव्हते. आईला ताप होता. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

हातपाय गार पडले. लगेच ब्लॉक केलं. गुरुवारी दुसऱ्या नावाच्या खात्यावरून एकच ओळ आली: "ब्लॉक कशाला? मी काही वाईट बोललो का?" तेव्हापासून मी धावायला गेलेले नाही. बाल्कनीचा पडदा ओढलेला आहे. आईला अजून काही सांगितलं नाही, पण ती विचारते आहे की पक्ष्यांना पाणी का ठेवलं नाहीस.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. त्याला हे समजलं कसं? तो खरंच गेटपाशी उभा असतो का? आणि खातं पुसून टाकू का? नऊ वर्षांच्या नोंदी पुसायच्या या विचाराने पोटात तुटतं, पण आईपेक्षा त्या मोठ्या नाहीत.

दिवाबत्ती

ताई, खातं आज पुसू नका. कारण पुढे सांगतो.

मी एका संस्थेत हेच काम करतो. चोरीला गेलेली खाती परत मिळवायला मदत करणं आणि असले मेसेज आलेल्या लोकांबरोबर बसून एकेक धागा शोधणं. अकरा वर्षं झाली. तुम्ही लिहिलेलं वाचून मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला. पक्ष्यांचे फोटो टाकणं ही चूक नव्हे. कुणाच्या उठण्याच्या वेळेवर डोळा ठेवणं ही आहे, आणि ती त्याची आहे.

सगळ्यात आधी पुरावा. दोन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख, वेळ आणि खात्याचं वापरकर्ता-नाव दिसलं पाहिजे. प्रोफाइलची लिंकही वेगळी उतरवून ठेवा. दाखवायचं नाव तो मिनिटात बदलू शकतो, वापरकर्ता-नावही बदलू शकतो. तुमचं खातं पुसलं तर हे मेसेज तुमच्या हातून जातात. पोलिसांकडे जायची वेळ आली तर हेच लागणार. आणि माझं मत विचाराल तर जा. धमकी नाही म्हणून गप्प बसू नका. तुमची वेळ, कपडे, घरातलं माणूस हे तिन्ही एका मेसेजमध्ये आले आहेत आणि ब्लॉक केल्यावर तो दुसऱ्या दाराने परत आला आहे. एवढं पुरेसं आहे. उत्तर देऊ नका, एक शब्दही नाही. "कोण आहात?" एवढं विचारलं तरी त्याला कळतं की या दारावर थाप मारली की आतून आवाज येतो.

दुसरं, आईंना आजच सांगा. त्यांच्यापासून लपवून तुम्ही त्यांना जपत नाही आहात. दार वाजलं आणि "मी तुमच्या मुलीचा मित्र" असं कुणी म्हणालं तर काय करायचं हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे. शेजारच्या एका विश्वासू घरालाही सांगून ठेवा.

आता, तो गेटपाशी उभा असतो का? मेसेजवरून ठरवता येत नाही. उभा असतो असं धरून वागा, म्हणजे काही दिवस वेळ आणि रस्ता बदला, एकटीने जाऊ नका. पण तो खुर्चीत बसूनही हे सगळं लिहू शकला असता. निळ्या जॅकेटचा फोटो तुम्ही कधी टाकला होता का? धावण्याचं ॲप वापरता का? त्या ॲपवर तुमची रोजची नोंद कुणाला दिसते? त्या मंगळवारी नोंद आली नाही एवढं दिसलं तरी "आज गेला नाहीत?" हे वाक्य तयार होतं.

तुम्हाला एक काम सांगतो. घरातला दुसरा फोन घ्या किंवा ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, कुठेही लॉग-इन करू नका, आणि स्वतःला परक्या माणसासारखं शोधा. नाव, वापरकर्ता-नाव, धावण्याच्या ॲपवरचं नाव. तुमचा प्रोफाइल फोटो उलट-शोधात टाकून बघा, म्हणजे फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते शोधायचं. काही ठिकाणी लॉग-इनशिवाय फार काही दिसत नाही, तिथे एखाद्या दूरच्या ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून पाहा. सापडेल ते कागदावर लिहा. लगेच पुसायला लागू नका, आधी संपूर्ण चित्र दिसू दे.

दूरचा किनारा

मला वाटतं सरळ सगळं बंद करावं. माझ्या बहिणीला असाच त्रास झाला तेव्हा आम्ही सगळी खाती बंद केली आणि आज ती सुखात आहे. पक्षी काय, वहीतही लिहिता येतात. जिवापेक्षा काही मोठं नाही. ताई, माफ करा, पण मला काळजी वाटली म्हणून स्पष्ट लिहितोय.

दिवाबत्ती

दूरचा किनारा, तुमची काळजी खरी आहे आणि तुमच्या बहिणीला त्याने शांतता मिळाली याचा आनंद आहे. पण बंद केल्याने सुटतं असं मी नेहमी पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तरी मैत्रिणींच्या खात्यांवरचे तुमचे फोटो जात नाहीत. तुमच्या नावाने, तुमचेच जुने फोटो लावून कुणी नवं खातं काढलं तर "ही मी नव्हे, माझं खरं खातं हे" असं सांगायला जागा उरत नाही. आणि काही माहिती एकदा बाहेर गेली की परत येतच नाही. २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून जास्त लोकांचे फोन नंबर नावांसकट उघड्यावर आले. ते सप्टेंबर २०१९ च्या आधी "संपर्कातल्या नंबरावरून ओळखीचे लोक शोधा" या सोयीचा गैरवापर करून गोळा केलेले होते. कुणाचा पासवर्ड फोडावा लागला नव्हता. त्यातल्या ज्यांनी नंतर खातं बंद केलं त्यांचाही नंबर त्या यादीत राहिलाच.

म्हणून मी म्हणतो, पळायचं की राहायचं हे भीतीच्या भरात ठरवू नये. आधी धागे सापडू देत.

पहाटपावलं

काल रात्री साडेअकरापर्यंत बसले होते. आईच्या फोनवरून, लॉग-इन न करता, आणि जिथे दिसेना तिथे मावसबहिणीच्या खात्यावरून. आईला आधी सगळं सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग पाणी मी ठेवते, तू पडद्याआड बस." आणि मग माझ्या शेजारी बसून चष्मा लावून तीही शोधायला लागली.

जे सापडलं ते लिहिते. लिहिताना लाज वाटते आहे, पण इथे कुणाला उपयोग झाला तर होऊ दे.

धावण्याच्या ॲपवर माझं खातं सगळ्यांना उघडं होतं. मी ते कधी तपासलंच नव्हतं, घेतलं तेव्हा जसं होतं तसंच. वापरकर्ता-नाव दोन्हीकडे एकच. दोनशे चौदा धावा, प्रत्येकीचा नकाशा, निघाल्याची वेळ मिनिटासकट. सगळ्या रेघा एकाच ठिपक्यातून निघतात आणि तिथेच परत येतात. तो ठिपका म्हणजे आमचं गेट. आईने बोट ठेवून दाखवलं, "हे आपलंच ना?"

निळं जॅकेट मीच टाकलं होतं, दोन वर्षांपूर्वी, "नवं जॅकेट, जुने पाय" असं लिहून. विसरूनही गेले होते.

खंड्याचा एक फोटो आहे, तारेवर बसलेला, मला फार आवडतो. त्यात मागे पाण्याची उंच टाकी आहे आणि टाकीवर मोठ्या आकड्यांत तिचा क्रमांक. तो क्रमांक मला आजवर कधी दिसला नव्हता. मी खंड्या पाहत होते.

आणि आई. आईचा चेहरा मी टाकलेला नाही, पण मैत्रिणीने टाकलाय. आम्ही नव्या घरात आलो तेव्हा ती तिच्या आईला घेऊन आली होती, चौघींचा फोटो, मला टॅग केलेलं, खाली तिने लिहिलंय "आता माय-लेकी दोघीच, मस्त घर". म्हणजे घरात पुरुष माणूस नाही, दोघीच राहतो, हे माझ्या खात्यावर टॅग केलेल्या फोटोंच्या रांगेत चार वर्षं उघडं पडलेलं आहे. तिने किती प्रेमाने लिहिलं होतं.

आईला ताप होता हे मात्र त्याला ठाऊक नसावं. "आई बऱ्या आहेत ना" हा त्याने मारलेला अंदाज असेल. तो खरा ठरला म्हणून मी इतकी हादरले. हे कळल्यावर पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

यातली कुठलीच गोष्ट एकटी पाहिली तर काही सांगत नाही. चारही शेजारी ठेवल्या की सांगतात. आता कुठून सुरू करू?

दिवाबत्ती

नकाशापासून. कारण तोच एक धागा रोज नवा होतो, बाकीचे जुने आहेत.

धावण्याच्या ॲपमध्ये आधी यापुढच्या नोंदी "फक्त मला" करा, मग जुन्या सगळ्या एकदम "फक्त मला" करण्याची सोय शोधा, बहुतेक ॲपमध्ये ती असते. काही ॲप घराभोवतीचा भाग लपवायची सोय देतात, ठरावीक अंतराच्या वर्तुळातली रेघ दिसत नाही. ती लावली तरी तिच्यावर विसंबू नका. तुम्ही दहा दिशांनी घरी परतलात की दहाही रेघा त्या वर्तुळाच्या कडेला तुटतात. तुटलेली टोकं जोडली की वर्तुळ उमटतं आणि वर्तुळाचा मध्य काढायला शाळेतली भूमिती पुरते.

लाज वाटून घेऊ नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या ॲपने जगभरातल्या धावपटूंच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. कुणाचंही नाव नव्हतं, फक्त उजळलेल्या रेघा. जानेवारी २०१८ मध्ये एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान आणि सीरियातल्या काळ्याभोर भागांत मधेच नीटस उजळ आकार आहेत. ते लष्करी तळ होते. तिथले सैनिक व्यायामाला धावले होते, बाकी काही नाही. ज्यांना गुप्तता पाळायचं प्रशिक्षण असतं त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

फोटोबद्दल. फोटोच्या फाइलमध्ये चित्राखेरीज आणखी माहिती असते, फोन कोणता, वेळ काय, आणि स्थान चालू असेल तर अक्षांश-रेखांश. मोठी सामाजिक माध्यमं फोटो इतरांना दाखवताना ही माहिती काढून टाकतात, पण ईमेलने, क्लाउडवरच्या फोल्डरच्या लिंकने किंवा मेसेजिंग ॲपमधून "डॉक्युमेंट" म्हणून पाठवलेल्या फोटोत ती तशीच जाते. डिसेंबर २०१२ मध्ये जॉन मॅकॅफी, ज्यांच्या नावाचं अँटीव्हायरस आहे ते, लपून राहत होते. त्यांच्याबरोबर असलेल्या पत्रकारांच्या मासिकाने एक फोटो आपल्या साइटवर टाकला, फाइलमधले अक्षांश-रेखांश न काढता. ते ग्वाटेमालात आहेत हे तेवढ्यावरून जगाला कळलं. त्यामुळे फोनच्या कॅमेऱ्याला स्थानाची परवानगीच देऊ नका. पक्ष्यांच्या नोंदीला जागा हवी असेल तर ती वहीत लिहा.

टाकीचा क्रमांक मात्र कुठलीही सेटिंग काढून देणार नाही. तो चित्रातच आहे. तो फोटो कापून पुन्हा टाका, तारेपुरता. खंड्या कुठे जात नाही.

तुम्ही ॲपचं नाव लिहिलं नाहीत. इन्स्टाग्राम असेल तर ब्लॉक करताना "हे खातं आणि या व्यक्तीची इतर किंवा नवी खाती" असा पर्याय मिळतो, तो निवडा. खातं खाजगी केलं तरी आधीचे फॉलोअर आतच राहतात हे पुष्कळांना माहीत नसतं. ते चारशे तुम्हाला स्वतः चाळावे लागतील. फॉलोअर काढून टाकलं तर त्यांना सूचना जात नाही, तेव्हा संकोच करू नका. टॅगसाठी "माझ्या मंजुरीशिवाय दाखवू नका" ही सेटिंग लावा. आणि मैत्रिणीला फोन करा. मेसेज नको, फोन. तिला अपराधी वाटेल, ते आवाजात सावरता येतं.

जुनी वही

मी सत्तरीची आहे. निवृत्त शिक्षिका. ताईंचं वाचून राहवलं नाही, कारण दार बंद करताना मी एकदा खिडकी उघडी ठेवली होती.

मला एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. "बाई, चुकून माझा सहा आकडी कोड तुमच्या फोनवर गेलाय, पाठवता का?" तिचं नाव, तिचा फोटो. कोड खरंच आलेला होता. मी पाठवला. तो कोड माझ्याच मेसेजिंग खात्याचा होता. दोन मिनिटांत मी माझ्याच खात्याबाहेर. आणि माझ्या नावाने माझ्या एकोणतीस ओळखीच्या लोकांकडे "बाई अडचणीत आहेत, पैसे पाठवा" असे मेसेज गेले. विद्यार्थिनीचं खातं आदल्या दिवशी असंच गेलेलं होतं. म्हणजे तिच्या तोंडून माझ्याशी भलताच कुणी बोलत होता.

पुतण्याने तेच ॲप माझ्या फोनवर पुन्हा घेतलं, माझ्या नंबरवर नवा कोड मागवला, तो टाकल्यावर तो माणूस बाहेर फेकला गेला. मग त्याने दोन टप्प्यांची पडताळणी लावली, म्हणजे कोडखेरीज मी ठरवलेला पिनही लागतो. हे आधी लावलेलं असतं तर एकोणतीस फोन करावे लागले नसते. मी ते सगळे फोन स्वतः केले. दोघांनी पैसे पाठवले होते. त्यातली एक माझ्याहून मोठी आहे आणि तिने मला एका शब्दाने दुखावलं नाही, हे आठवलं की अजून डोळे भरतात.

ताई, तुमच्या आईंच्या फोनवर हे आजच लावा. आणि सेटिंगमध्ये "जोडलेली उपकरणं" ही यादी उघडून पाहा. आपलं नसलेलं काही दिसलं की काढून टाका.

आणखी एक. पासवर्ड विसरल्यावर विचारतात ते प्रश्न: पहिली शाळा कोणती, आईचं माहेरचं आडनाव काय. मी वर्गातल्या मुलांच्या फोटोखाली हौसेने सगळं लिहून ठेवलेलं होतं. २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या एका उमेदवार बाईंचा याहूवरचा ईमेल असाच उघडला गेला. जन्मतारीख, पिनकोड, नवऱ्याची भेट कुठे झाली, उत्तरं सार्वजनिक माहितीतूनच मिळाली. तेव्हापासून, म्हणजे पुतण्याने सांगितल्यापासून, मी या प्रश्नांना खोटी उत्तरं देते आणि ती कपाटातल्या वहीत लिहिते. ज्या मुलांना खरं बोलायला शिकवलं त्यांना हे सांगताना आधी अवघड वाटायचं. आता वाटत नाही. कुलपाशी खरंच बोललं पाहिजे असं नसतं.

दिवाबत्ती

बाई, नमस्कार. तुम्ही लिहिलंत ते मी माझ्याकडे येणाऱ्यांना वाचून दाखवेन, परवानगी असेल तर.

एकच भर. दुसऱ्या टप्प्याचा कोड शक्यतो एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर ॲपवर ठेवा, जिथे दर तीस सेकंदांनी आकडे बदलतात. एसएमएस नंबरामागे जातो, आणि नंबर दुसऱ्याच्या सिमवर वळवता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या खुद्द ट्विटर खात्यावरून भलतेच ट्विट गेले ते त्यांचा नंबर असा वळवल्यामुळे. अर्थात काहीच नसण्यापेक्षा एसएमएस कितीतरी बरा. आणि खातं परत मिळवण्याचे कोड छापून ठेवा, फोन हरवला तर तेच उपयोगी पडतात.

पहाटपावलं

जुनी वही यांना "बाई" म्हटलं तर चालेल ना? आईने तुमचं सगळं वाचलं आणि स्वतःच पिन ठरवला. मला सांगितला नाही. म्हणाली, "तुलाही का सांगू?"

पोलिसांकडे जाऊन आले. स्क्रीनशॉट छापून नेले होते. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली. तेवढ्यानेही पाठीत बळ आलं.

एक भीती उरली आहे, ती इथेच विचारते. माझे चेहऱ्याचे सात-आठ फोटो नऊ वर्षांत सार्वजनिक होते. हल्ली चेहरा उचलून घाणेरडे बनावट फोटो करतात असं ऐकते. त्याने तसं काही केलं तर? झालेलं नाही, पण रात्री तेच डोळ्यांसमोर येतं.

सांजसावली

मी समुपदेशक आहे, मुख्यतः तरुण मुलींबरोबर काम करते. ही भीती घेऊन माझ्याकडे दर आठवड्याला कुणीतरी येतं, त्यामुळे थोडं लिहिते.

स्टॉप-एनसीआयआय नावाची एक मोफत सेवा आहे, डिसेंबर २०२१ पासून. एखादा खाजगी फोटो, बनावट असला तरी, पसरवला जाईल अशी भीती असेल तर तुम्ही तुमच्याच फोनवर तो निवडता आणि त्याचा आकड्या-अक्षरांचा एक ठसा (हॅश) तयार होतो. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा जातो. त्यात सामील असलेली माध्यमं तो ठसा जुळणारा फोटो ओळखून अडवू शकतात. फेसबुक, इन्स्टाग्राम त्यात आहेत. हे प्रौढांसाठी. फोटोतली व्यक्ती तेव्हा अठराच्या आतली असेल तर "टेक इट डाउन" ही तशीच वेगळी सेवा आहे. अर्थात यासाठी फोटो तुमच्या हाती असावा लागतो, जो आज नाही, आणि न येवो. पण असं दार आहे हे माहीत असलं की रात्र जरा लहान होते, हे मी मुलींकडून ऐकलं आहे.

अशा फोटोची धमकी देऊन कुणी पैसे मागितले तर देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की लिहिताना हात दुखतो. पुरावा ठेवा, तक्रार करा, आणि घरातल्या एकाला तरी त्याच दिवशी सांगा. ज्या मुली सांगत नाहीत त्यांच्याच काळजीने मला झोप लागत नाही.

दूरचा किनारा

ताई, मी सगळं वाचलं. आधी जे लिहिलं ते घाईत लिहिलं. काल रात्री बहिणीचं नाव शोधून पाहिलं. आम्ही सगळं बंद केलं होतं, तरी तिच्या जुन्या वर्गमैत्रिणीच्या खात्यावर तिचे अकरा फोटो आहेत, एकात घराची पाटीसुद्धा. आज त्या मैत्रिणीशी बोललो, ती काढते आहे. दिवाबत्ती, तुमचे आभार.

पहाटपावलं

बारा दिवस झाले. कुठवर आलं ते सांगते.

नकाशे सगळे बंद. दोन्हीकडचं वापरकर्ता-नाव वेगळं केलं. फॉलोअर चाळायला तीन संध्याकाळी गेल्या, एकशे सहासष्ट काढले. त्यात सहा खाती अशी होती ज्यांवर एकही फोटो नव्हता आणि ती सगळी गेल्या दोन महिन्यांत आलेली. तोच असेल की नाही माहीत नाही. सहाही नावं पोलिसांना दिली आहेत. तिसऱ्या खात्यावरून अजून काही आलेलं नाही.

मैत्रिणीला फोन केला. ती आधी गप्प झाली, मग रडली, मग मीच तिला समजावलं. तिने फोटो काढून टाकला नाही, कारण त्यात तिची आईही आहे, जी आता नाही. मला तो पुसायला सांगायचं धाडस झालं नसतं. तिने मजकूर बदलला, टॅग काढला, आणि फोटो फक्त जवळच्या लोकांना दिसेल असा केला.

खातं पुसलेलं नाही. यापुढे कुठलाही फोटो त्याच दिवशी टाकायचा नाही असं ठरवलं आहे. पक्षी आठवड्याने उशिरा टाकला तरी नोंदीत तारीख खरीच राहते. पहाटेऐवजी संध्याकाळी जाते, शेजारची मुलगी बरोबर असते. जॅकेट आईने तिच्या कपाटात ठेवलंय.

आता एकच अडलं आहे. मैत्रिणीच्या दुसऱ्या एका जुन्या फोटोखाली कुणीतरी कमेंटमध्ये आमच्या इमारतीचं पूर्ण नाव लिहिलंय, "अरे, मीही इथेच समोर राहतो!" असं. कमेंट करणाऱ्याला ती ओळखत नाही, मीही नाही. त्याला विनंती केली तर त्याचं लक्ष उलट तिकडे जाईल का?

दिवाबत्ती

त्याला विचारायची गरजच नाही. फोटो ज्याचा, त्याला स्वतःच्या फोटोखालची कुणाचीही कमेंट काढता येते. मैत्रिणीला कमेंटवर दाबून "काढून टाका" करायला सांगा. तक्रारीत त्या कमेंटचा उल्लेख हवा असेल तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मगच काढा.

पहाटपावलं

स्क्रीनशॉट घेतला. तिने आत्ता काढली, मी आईच्या फोनवरून पाहिलं, दिसत नाही.

बाल्कनीत पाणी ठेवलंय. पडदा अर्धा उघडा आहे.